काचेमागची आगगाडी

टीव्हीवर कापसाचा बर्फ. कुणाच्या तरी मांडीवर खोकणारं बाळ. वफ्र्याच्या शेतांवरून आलेल्या काकड्यांची पिशवी. कुवेतमध्ये, सबाह अल-सालेममधल्या दवाखान्यात सुचित्रा आपल्या नंबरची वाट बघत बसली होती, आणि मागच्या खुर्च्यांवर चक्क मराठी सुरू झालं. एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांचा मुलगा. तिचे कान आपोआप मागे गेले.

“क्षितिज, टीव्हीचा आवाज गेलाय रे.”

“मूकपट आहे, बाबा. फार जुना. नाताळबाबाने काठी लावली की कपाटातली खेळणी जिवंत होतात.”

“ती बघ आगगाडी उतरली! मी तुला इथून पाठवलेली अगदी तश्शीच होती. किती खेळला असशील!”

“नाही खेळलो.”

“म्हणजे?”

“आईने शोकेसमध्ये ठेवली. आल्यागेल्याला काचेतून दाखवायची.”

“कमाल आहे हिची! खेळणं ते. काढून द्यायचं की.”

“तुम्हीच फोनवर म्हणालात, मी आलो की दोघं मिळून रूळ मांडू.”

“मग दर दोन वर्षांनी येत होतो की!”

“आलात ना. एकदा आत्याचं लग्न, एकदा फ्लॅटचं काम. मग मला मिसरूड फुटलं.”

“एकदा आठवण करून द्यायचीस, बाळा.”

“मी रोज काच पुसायचो, बाबा. तुमच्यासमोरच.”

“...अजून आहे ती?”

“तिथेच आहे.”

“चालत असेल?”

“काय माहीत. बघा, तुमचा नंबर लागला.”

सुचित्राने मान वळवली नाही.

तिकडे घरी, शोकेसमधल्या आगगाडीच्या खोक्यावर छापलेलं होतं : वय वर्षे तीन ते सहा.