पहिली खेप

मुकुंद : ‘विहिरीत सापडला’ एवढ्यावर भागत नाही, पुंजाराम. लिलाववाल्यांचा फॉर्म आहे हा. कुणाची विहीर, किती खोल, कुणी काढला, कोणत्या दिवशी? सगळं लिहायचं असतं.

पुंजाराम : सर, दगडाची सोयरीक जुळवायलेत का काय? एवढी चौकशी तर आमच्या आवडाच्या लग्नात नव्हती झाली.

मुकुंद : सोयरीकच समज. विकत घेणारा तो स्फटिक काचेच्या कपाटात ठेवणार आणि येईल त्या पाहुण्याला त्याची गोष्ट सांगणार. गोष्ट खोटी निघाली की दगड परत येतो आणि माझं नाव जातं. तीस वर्षं कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवून कमावलंय ते.

पुंजाराम : लिव्हा मग. पिशोरच्या शिवारात आप्पासाहेबांची नवी विहीर. मी अन् फकिरादाजी खाली खोदायला, सांडू वर यारीवर, माल वर ओढायला. पंचावन्न फुटावर खडकात पोकळी लागली. आत हे हिरवंगार असं.

मुकुंद : आधी कुणी पाहिला?

पुंजाराम : दाजीनंच.

मुकुंद : मग त्याचंच नाव घालतो. आवडाबाई त्यासाठीच आल्यात ना, पिशोरहून एवढ्या लांब?

पुंजाराम : व्हय. आत बसलीय उमावहिनीपाशी. म्हणती, माझा माणूस गेला तर गेला, कागदावर त्याचं नाव तरी लागू दे. तीन म्हैने झाले, तेवढंच धरून बसलीय.

मुकुंद : लागेल. आता तारीख सांग. स्फटिक बाहेर कधी काढला?

पुंजाराम : दाजीचं दहावं-बारावं उरकल्यावर.

मुकुंद : नक्की?

पुंजाराम : नक्की म्हंजी? सुतकात कोण विहिरीत उतरतंय, सर?

मुकुंद : मग हा फोटो बघ. सांडूनं मला व्हॉट्सअॅपवर पाठवला होता. आज फॉर्म भरायला बसलो म्हणून तारखेकडे नजर गेली. चौदा मार्च. फकिरा गेला तोच दिवस. अकरा वीस.

पुंजाराम : सांडूचं काय सांगता? त्याच्या मोबाईलला कवाची तारीख असती, त्यालाच ठावं नसतं.

मुकुंद : तारीख माझ्या मोबाईलवरची आहे. आणि तू मला सांगितलं होतंस, कपार अकराला ढासळली आणि फकिरा तिच्यात सापडला.

पुंजाराम : चहा गार व्हायलाय तुमचा.

मुकुंद : पुंजाराम.

पुंजाराम : गेलेल्या माणसाच्या मागं कशाला उकरत बसायचं, सर? झाकली मूठ सव्वा लाखाची. लिव्हा बाराव्यानंतर, अन् मोकळे व्हा.

मुकुंद : खोटं मी लिहिणार नाही. दगड वर कधी आला?

पुंजाराम : दाजीच्या आधी.

मुकुंद : म्हणजे?

पुंजाराम : म्हंजी दाजी खाली असताना. यारीची बकेट एकच असती, सर. एका खेपीला माल, नायतर माणूस. कपार आली, दाजीच्या मांडीत दगडाची धार घुसली. मी म्हणलं, बसा बकेटीत. तर दाजी म्हणले, मला काय झालंय, मुका मार हाय. आधी ह्याला पाठव. वरून अजून माती यायलीय, टोक मोडलं तर सर हात लावायचे नाय.

मुकुंद : मी?

पुंजाराम : तुमीच म्हणले होते आदल्या दिवशी फोनवर. टवका उडाला की माल मातीमोल. दाजीनं ते लई मनाला लावून घेतलं होतं.

मुकुंद : अरे, ते मी सगळ्यांनाच सांगतो. दगडाबद्दल बोललो होतो मी.

पुंजाराम : आमी बी दगडाबद्दलच ऐकलं. टावेल एकच होता. त्यात मी दगड गुंडाळला. मांडीला बांधायचा असतो, हे मला मागून सुचलं. खाली गुडघाभर गढूळ पाणी, रगत किती चाललंय ते दिसंच ना. वर सांडूनं सावकाश उतरवला, धुतला, फोटो काढला. मी खालून बोंबलतोय, बकेट सोड, बकेट सोड. वीस मिन्टं गेली. तवर दाजी बोलायचे थांबले होते. दवाखान्यात नेताना गाडीतच गेले, फुलंब्रीच्या अलीकडं.

मुकुंद : म्हणजे आधी त्याला वर पाठवलं असतं, तर...

पुंजाराम : ते इचारू नका. मी डॉक्टरला बी इचारलं नाय.

मुकुंद : आवडाबाईंना माहीत आहे हे?

पुंजाराम : ती समजती, मी दाजीला लगोलग वर पाठवलं. दहाव्याला माझ्या पाया पडली, सर. म्हणली, दादा, तू खाली होतास म्हून ते एकटे नव्हते.

मुकुंद : सांगून टाक तिला. फकिरा स्वतःच म्हणाला होता ना? तुझा काय दोष?

पुंजाराम : मला भ्या वाटतं. आई-बाप गेल्यावर मला तीच एक हाय. तीबी तुटली तर मी कुणाच्या दारात जाऊ?

मुकुंद : मी हा स्फटिक लिलावातून काढून घेतो. मला नको आता.

पुंजाराम : अन् तिला काय सांगणार? दाजीचं नाव का लागलं नाय म्हणून?

(आवडाबाई आतल्या दारात उभी आहे. ती कधी आली, दोघांनाही कळलेलं नाही.)

आवडाबाई : काढू नका, सर. ज्याच्यासाठी गेले, त्याच्यावर नाव तरी राहू द्या.

पुंजाराम : आवडे... कवा आलीस?

आवडाबाई : टावेलाचं सांगत होतास, तवा.

पुंजाराम : दाजीच म्हणले गं. देवाशप्पथ. आधी ह्याला पाठव म्हणले.

आवडाबाई : म्हणले असतील. अंगात ताप असला तरी मला काय झालंय म्हणायचे अन् कामाला जायचे. तुला ठावं नव्हतं का त्यांचं?

पुंजाराम : ठावं होतं.

आवडाबाई : मग तू कसं ऐकलंस, दादा?