माळ्यावरच्या भावजींचं गाऱ्हाणं

...आणि वर म्हणे, वैनीचं लक्ष नाही! तुम्हीच सांगा, कडेवर पोर, गॅसवर दूध, आणि धाकटे दीर माळ्यावरून खाली उतरतच नाहीत, तर मी काय शिडी धरून बसू? कॉलेज संपलं, नोकरी लागेना, तेव्हापासून आमचे अवधूत भावजी नि त्यांचा मोबाईल, दोघंच. ताट वर द्यायचं, तसंच परत घ्यायचं. झोप नाही, बोलणं नाही, डोळे लाल. तुम्हाला सांगते, मी येताजाता शिडीखाली उभी राहून कानोसा घ्यायची... वर खाकरतायत ना?

सासूबाई म्हणाल्या, वाऱ्यात सापडलाय, गाऱ्हाणं घालूया. म्हणजे गावचे तात्या गुरव देवाला विनवणार, आपण मागून म्हणायचं, व्हय म्हाराजा. पण तात्या कोकणात, आम्ही डिलाईल रोडला, मग व्हिडिओ कॉल. आणि धड फोन कोणाचा? माझा छोटीनं बादलीत बुडवलेला, ह्यांचा बटणांचा... म्हणजे भावजींचाच! फोन सुटावा म्हणून गाऱ्हाणं, नि फोन धरायला तेच.

उतरले बिचारे. नारळ ठेवला. तात्या सुरू झाले, "बा देवा म्हाराजा, ह्या लेकराक कसली बाधा झाली असात ती दूर कर रे म्हाराजा..." व्हय म्हाराजा. "हातातलो मोबाईल सुटांदे रे म्हाराजा..." व्हय म्हाराजा. आणि नेट अडकलं. तात्या तोंड उघडं ठेवून थिजलेले, सासूबाई हात जोडून, डोळे मिटून, गाऱ्हाणं अर्धवट, हलायचं कसं? छोटीसुद्धा गप्प. त्या शांततेत भावजी हळूच म्हणाले,

"वैनी, मला झोप लागत नाही. फोन ठेवला की छातीत धडधडतं. कधी वाटतं, आता खाली उतरूच नये."

धीराचं काहीतरी बोलायला गेले, नि सवयीनं तोंडातून काय निघालं? व्हय म्हाराजा.

भावजी हसले. हसता हसता रडायलाच लागले...

दुसऱ्याच दिवशी परळला हॉस्पिटलात नेलं. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, म्हणाल्या, रात्री फोन लांब ठेवा (तो आता मी तांदळाच्या डब्यात ठेवते), आणि घरात कोणाशी तरी रोज मोकळं बोला. कोणाशी बोलाल? भावजींनी बोट केलं माझ्याकडे. झालं! आता दिवेलागणीला उतरतात, ओट्याशी बसतात नि सुरू... पार बालवाडीपासून. छोटी भोकाड पसरते, कुकर बोंबलतो, दूध उतू जातं, पण मध्ये तोंड घालायची माझी छाती नाही. बोलणं परत अडकलं तर? म्हणून आपलं मागून म्हणत राहायचं... व्हय म्हाराजा.