मागच्या सीटवरची घंटी

नाव विचारले असता: बाजारात सगळे चाकवाल्या बाई म्हणतात. वय ५७ वर्षे. धंदा: सायकल दुरुस्ती, दुकान स्वतःचे. राहणार: बाजारामागची गल्ली, दुकानाच्या वरची खोली.

मी आज रोजी ठाण्यात हजर राहून, माझ्याविरुद्ध आलेल्या तक्रारीबाबत विचारल्यावरून सांगते की, वरच्या वायनरीच्या व्यवस्थापकांनी "या बाईने आंधळ्या भावाला डोंगरावर टाकून पळ काढला" असे फोनवर कळवले आहे. त्यात मी बाई आहे, भाऊ आंधळा आहे आणि डोंगर आहे, एवढे खरे आहे. बाकीचे पुढे सांगते.

माझा थोरला भाऊ, वय ६४, याला मी दादा म्हणते. तो पूर्वी जमीन मोजणीच्या खात्यात मोजणीदार होता. काचबिंदूने नऊ वर्षांपूर्वी त्याचे दोन्ही डोळे गेले. तेव्हापासून तो मुलाकडे, म्हणजे माझ्या भाच्याकडे राहतो. भाचा बापाला तळहाताच्या फोडासारखे जपतो. दादा खुर्चीतून उठला की भाचा कोपर धरतो. चहा निवला की नाही, हेही भाचाच सांगतो. असा मुलगा शोधून सापडणार नाही, हे मी त्याच्या तोंडावर सांगितले आहे आणि आताही सांगते.

आमची सायकल दोघांनी मिळून चालवायची आहे. दोन जुन्या सायकली कापून आणि जोडून ती मी स्वतः आठ महिन्यांत बनवली. पुढे मी बसते. हँडल, ब्रेक, गिअर माझ्याकडे. मागे दादा. त्याच्याकडे पेडल आणि घंटी. मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना लटकवलेल्या पिशव्या, त्यांना आम्ही खोगिरे म्हणतो, सामानाने भरलेल्या, मिळून बावीस किलो. आमची रीत अशी की, पुढे काय आहे ते मी सगळे मोठ्याने सांगायचे: वळण, खडी, खड्डा, कुत्रा. थांबून पुन्हा निघताना मी हँडल धरून पाय टेकवून उभी राहते, दादा मागे बसतो आणि घंटी दोनदा वाजवतो. दोनदा वाजली की मी निघते. मागे वळून पाहत नाही. पुढच्याने मागे पाहिले की सायकल त्याच अंगाला जाते, हे दादाला पहिल्याच आठवड्यात काटेरी कुंपणात कळले.

द्राक्षबागांच्या या डोंगरांतून सहा दिवसांत दोनशे बारा किलोमीटर आणि शेवटच्या दिवशी खिंड, हा बेत दादाचा. तीस वर्षांपूर्वी याच डोंगरांची मोजणी त्याने केली होती. तेव्हा इथे बागा नव्हत्या, नुसते माळ होते. कोणता उतार किती, हे त्याला अजून पाठ आहे. भाच्याचा या बेताला विरोध होता. शेवटी त्याने एका अटीवर होकार दिला. बाबांना क्षणभरही एकटे सोडायचे नाही. मी तसा शब्द दिला.

आज चौथा दिवस. सकाळी ७.१० ला मुक्कामावरून निघालो. नऊ किलोमीटर चढ. वाटेत दोनदा थांबलो, दोन्ही वेळा माझ्यामुळे, दादामुळे नाही. १०.४० ला वायनरीच्या फाटकाशी पोहोचलो. आत तळघर दाखवतात आणि वाइनची चव देतात. मी चव घेतली नाही, मला सायकल चालवायची होती. दादाने तीन घेतल्या, प्रत्येकी एक घोट. तो पूर्ण शुद्धीत होता. तिसरीबद्दल तो म्हणाला की ही शाळेतल्या शाईसारखी लागते, आणि शाई आपण प्यायलो होतो म्हणून खात्रीने सांगतो.

चव देणाऱ्या बाईंनी मला विचारले, "यांना गोड चालेल का?" मी म्हटले, "नको, त्याला गोड आवडत नाही." दादा माझ्या शेजारीच उभा होता. त्यानंतर तो बोलला नाही. मी समजले, चढाने दमला.

११.३५ ला फाटकाबाहेर आलो. समोर चार किलोमीटर सरळ उतार. मी हँडल धरून उभी राहिले. मागे भार आल्यासारखे वाटले. घंटी दोनदा वाजली. मी निघाले.

उतारावर पेडल मारावे लागत नाही, त्यामुळे मागे कोणी मारतो आहे की नाही हे पायाला कळत नाही. मी नेहमीप्रमाणे सगळे सांगत गेले. उजवीकडे वळण. खडी. एक ट्रॅक्टर, त्याला जाऊ दे. दोन्ही अंगांना बागा, तारांवर चढवलेल्या, पार टोकापर्यंत ओळीने. मागून उत्तर नाही. रुसला असेल तर रुसू दे, असे मी मनात म्हटले. मग मीच म्हणाले, "मघाशी चुकलं माझं, तुलाच विचारायला हवं होतं." त्यालाही उत्तर आले नाही. हे मी पुलापर्यंत दोनदा म्हटले.

पुलानंतर चढ लागतो. चढावर सायकल हलकी लागली. तेव्हा मला कळले.

मी सायकल वळवली आणि परत वर निघाले. दोघांची सायकल एकटीने चार किलोमीटर चढवली, वेळ ४१ मिनिटे. ती ४१ मिनिटे माझ्या मनात काय होते, असे अंमलदारांनी विचारले. शब्द मोडल्याचे होते आणि रस्त्यावरच्या ट्रॅक्टरचे होते. जास्त विचारू नये.

फाटकाशी दादा नव्हता. आत विचारले तर कोणाला माहीत नव्हते. मी आणि व्यवस्थापकांनी शोधले. १२.४५ ला तो बागेच्या चौथ्या ओळीच्या पार शेवटी, उताराच्या तोंडाशी, खांबाला टेकून उभा सापडला. अंगावर ओरखडा नाही. तीन द्राक्षे खाल्ल्याचे त्याने स्वतः कबूल केले. तिथे कसा आलास, असे व्यवस्थापकांनी विचारले, त्यावर तो म्हणाला, "बेचाळीस खांब." त्याच्या खिशात भाच्याने शिवलेली चिठ्ठी असते, तिच्यावरच्या नंबरवर व्यवस्थापकांनी फोन केला आणि मग ठाण्यातही केला. ते भले गृहस्थ आहेत. त्यांच्या जागी मी असते तर मीही तेच केले असते.

भाचा गाडी घेऊन ३.१५ ला ठाण्यात आला. तो घामाने भिजला होता. त्याने आधी बापाचे हात, मग गुडघे पाहिले. नंतर मला म्हणाला, "आत्या, झालं तेवढं पुरे. बाबांना मी घेऊन जातो." आपलेच दात आणि आपलेच ओठ.

घंटी मागच्या हँडलवर आहे, तिथे दुसरे कोणी नव्हते, मग ती वाजवली कोणी, असे अंमलदारांनी मला विचारले. याचे उत्तर मला द्यायचे नाही. मागे न पाहता निघाले, चूक माझी आहे, एवढेच लिहावे.

सायकल ठाण्याच्या आवारात जप्त मोटारसायकलींच्या रांगेत साखळीने बांधली आहे. ती आज सोडावी. दोन दिवस आणि त्रेसष्ट किलोमीटर उरले आहेत, शिवाय खिंड. मी ते सोडणार नाही. दादा येणार की गाडीतून घरी जाणार, हे मला विचारू नये आणि भाच्यालाही विचारू नये. दादा समोर बाकावर बसला आहे, त्याला विचारावे.

येथे जबाब वाचून दाखवत असताना भावाने मध्ये थांबवले आणि एक दुरुस्ती सांगितली. ती त्याच्याच शब्दांत लिहिली, ती अशी: "घंटी मी वाजवली. जमिनीवर उभा राहून. सीटवर हाताने जोर दिला, म्हणजे हिला भार लागेल. नऊ वर्षं मला कोणी एकटं सोडलेलं नाही. बागेत तार धरली की ओळीच्या टोकापर्यंत चुकायला जागाच नाही, हे मला तळघरात जाताना तारेला हात लागला तेव्हाच कळलं होतं. बेचाळीस खांब मोजले. कोणी कोपर धरलं नव्हतं. हिला घाबरवलं त्याबद्दल माफी मागतो. चाललो त्याबद्दल मागत नाही."



घंटी दादानेच वाजवली, हे मला पुलापुढच्या चढावरच कळले होते. त्याच्यावर बोट येऊ नये म्हणून चूक माझी लिहायला सांगितली होती. आता दोघांची लिहावी.

अंमलदारांनी भावास विचारले की घरी जायचे की खिंडीत. भाऊ म्हणाला, "खिंडीत. सामान मात्र पोराच्या गाडीत टाका. मागे माझाच भार उरेल, पुन्हा उतरलो तर हिला लगेच कळेल."

भाच्याने खोगिरे सोडून गाडीत ठेवली. खिंडीच्या पलीकडे थांबतो म्हणाला. बापाच्या खिशातल्या चिठ्ठीवर त्याने माझाही नंबर लिहून दिला.

सायकल ५.२० ला ताब्यात मिळाली. दादा सही करताना भाचा त्याचा हात धरायला पुढे झाला आणि मध्येच थांबला. दादाने कागदाची कड कुठे आहे एवढेच विचारले.

हा मजकूर आम्हा दोघांना दुरुस्तीसह पुन्हा मोठ्याने वाचून दाखवला. सांगितल्याप्रमाणे उतरला आहे.

सही: पुढे बसणारी.
सही: मागे बसणारा.