गंगरेलची पायी फेरी

गंगरेलचं नाव काढलं ना तुम्ही, मले अजून झोंबते. माझं माहेर त्याच तळ्याकाठचं. माझा मुलगा अन् सून जंगलातून तळ्याभोवती चार दिवस पायी फिरायचा बेत करून राहिले होते. मुक्काम कुठं, पाणी कुठं भेटते, सारं मलेच विचारलं. मी हुरळली. रोज सकाळी आमच्या कोहक्याच्या वस्तीत चालायची सवय करू लागली. निघायच्या आदल्या दिवशी मुलाले विचारलं, "माझी बॅग कोणत्या गाडीत ठेवू?"

"आई, तू कुठं चालली? मग आमच्या पोरीले कोण पाहीन?"

परत आल्यावर सून मोबाइलवर फोटो दाखवत म्हणाली, "आई, तुमच्या माहेरच्या गावाजवळच तंबू लावला होता. तुम्ही यायले पाहिजे होतं!"

मी म्हणलं, "कशी येऊ बाई? माहेरी जायले बोलावणं लागते, ते आलंच नाही."