आधी वजा कर

बसच्या रांगेत माझ्यापुढे कोपऱ्यावरचे लॉन्ड्रीवाले आणि त्यांची मुलगी उभे होते. लॉन्ड्रीवाल्यांच्या हातात विद्युतऋणतेचा तक्ता होता, म्हणजे कुठलं मूलद्रव्य इलेक्ट्रॉन किती जोराने ओढतं त्याचे आकडे.

"बाबा, हळू विचारा ना. सगळी रांग ऐकतेय."

"ऐकू दे. हायड्रोजन आणि क्लोरीन?"

"क्लोरीन तीन पॉइंट एक सहा, म्हणजे आयनिक."

"झालं! पुन्हा मोठा आकडा बघून धावत सुटलीस. आधी वजा कर."

"त्यातून हायड्रोजनचे दोन पॉइंट दोन गेले... उरले पॉइंट नऊ सहा."

"आता इलेक्ट्रॉनची जोडी म्हणजे आपली चादर. घडी घालताना मी जरा जास्त ओढली, तर?"

"तुमच्याकडे सरकते. पण माझं टोक मी सोडत नाही."

"मग बंध कुठला?"

"ध्रुवीय सहसंयुज! आणि सोडियम-क्लोरीनचा फरक दोन पॉइंट दोन तीन. तिथे चादर हिसकावूनच नेली, म्हणून आयनिक."

"शाब्बास! कार्बन-हायड्रोजन?"

"पॉइंट तीन पाच. दोघं जवळजवळ सारखंच ओढतात, म्हणून ध्रुवीय नाही. तेलात हेच बंध, आणि पाणी मात्र ध्रुवीय. तेलाचा डाग नुसत्या पाण्याने निघत नाही, तो यामुळेच ना?"

"तीस वर्षं डाग काढतोय, पण हे मला कुणी सांगितलं नव्हतं बघ."

तेवढ्यात त्यांच्या शेजारच्या काकू रांगेत आल्या.

"काय गं, कुठल्या कॉलेजात घेतलास प्रवेश?"

"अहो, ते याद्या लागायच्यात अजून," लॉन्ड्रीवाले घाईने म्हणाले. "शिवाय घरात जरा गडबड होती, आणि तिची आई..."

"राहू द्या, बाबा. काकू, मी रसायनशास्त्रात नापास झाले. आज पुन्हा पेपर द्यायला चाललेय, आणि या वेळी मला येतंय."