बोनेटवरची राखड

तुमसरला गाड्यांच्या रंगाच्या दुकानात माझ्यापुढे माझ्याच वयाचे नवरा-बायको उभे होते. दुकानदार विचारत होता,

“काका, रबिंग कंपाउंड जाड देऊ का बारीक? ओरखड्यात नख अडकते का?”

“नाही अडकत.”

“कायचे ओरखडे आहेत?”

“म्या राखडीनं घासली पोराची गाडी.”

“खोटं काहून बोलता जी? मी घासली. दसऱ्याच्या पूजेले पितळेवानी चमकंल म्हटलं.”

“पोराले मीच घासली म्हणून सांगतलं आहे. तू चूप राह्य. तो उद्या येऊन राहिला.”

“मंग बारीकच न्या, काका. जाडवालं रंग खाते. पन हात हलका पायजे.”

“हलका हात हिचाच.”

“मी नाही लावत आता त्या गाडीले हात.”

“लाव वं. फडकं मी ओलं करून देतो.”