सांध्यावरचा श्वास

चहा निवण्याआधी एवढे ऐकून घ्या. माझी नात मुक्ता एका डच मुलाशी लग्न ठरवून मोकळी झाली आणि व्याही-विहीणबाई इंग्लंडमधल्या रीडिंग गावी आमच्या घरी जेवायला यायचे ठरले. पाहुण्यांचे स्वागत त्यांच्याच भाषेत झाले पाहिजे, असे माझे मत. लायब्ररीतल्या पुस्तकांवरून मी डच स्वतःच शिकलो आहे. 'परिचयाचा मेळावा' यासाठी त्यांच्याकडे एकच अखंड शब्द आहे: केनिसमाकिंग्सबेयेनकोम्स्ट. संस्कृत समासाची करावी तशी मी त्याची फोड केली आणि मधल्या सांध्यावर श्वास घेण्याचे निश्चित केले.

"आबा, प्लीज इंग्लिशमध्येच वेलकम म्हणा ना," मुक्ता काकुळतीने म्हणाली. "त्यांच्यासमोर अडकलात तर किती एम्बॅरसिंग होईल!"

"मी अडकत नसतो," मी म्हणालो.

जेवणाआधी मी उभा राहिलो. "केनिसमाकिंग्स..." म्हणून श्वास घेतला, तोच व्याह्यांनी जोरात टाळ्या वाजवल्या. मुक्ताने डोळे मिटले. मी हात वर करून इंग्रजीत बजावले, "थांबा. शब्द अजून संपलेला नाही." आणि उरलेला अर्धा शब्द खणखणीत म्हटला.

मग आभार मानायला व्याही उठले. आमचे आडनाव कुरुंदवाडकर. ते त्यांनी वाटेत घोकले असावे.

"मिस्टर कुरुंद..." म्हणून ते थांबले. त्यांची अडचण ओळखून मी सौजन्याने टाळ्या वाजवल्या.

व्याह्यांनी माझ्याइतक्याच गंभीरपणे हात वर केला.

"थांबा. शब्द अजून संपलेला नाही."